मोरीच्या मापाचं जाळं

"आठ बोटां," आई म्हणाली आणि अंगठे दुमडून दोन्ही पंजे तिने शेजारी शेजारी पाइपवर टेकवले. "एवडो आस धरूया."

"इंचात सांग," वडील म्हणाले.

"इंच तुमच्या लोखंडाक. दोरयेक बोटां."

"आणि माजी बोटां लावली तर?"

"तर हत्ती गावतलो."

वडील हसले. आईच्या आठ बोटांच्या रुंदीची एक फळी त्यांनी रंधून गुळगुळीत केली आणि तिच्या हातात दिली. जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. फळीवर दोर गुंडाळायचा, गाठ मारायची, फळी काढून घ्यायची, की एक आस तयार. मग पुढचा. फळी तीच असल्यामुळे सगळे आस सारखे होतात. हे मला तेव्हा कळलं, कारण मी पाइपच्या ढिगावर बसून सगळं बघत होते आणि मला शाळेला सुट्टी होती.

मालवणच्या वेशीवर, कुंभारमाठच्या माळावर वडिलांचं वर्कशॉप होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. वडील, म्हणजे वासुदेव मेस्त्री, गेटं आणि खिडक्यांचे गज करायचे. शाळांसाठी झोपाळे आणि घसरगुंड्याही करायचे. मी पहिलीत होते. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रभुदेसाई बाई एक दिवस हातात रंगीत मासिक घेऊन आल्या आणि त्यातलं एक पान त्यांनी ऐरणीवर उघडून ठेवलं. कुठल्या तरी परदेशातलं मैदान होतं. मधोमध उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकापासून जमिनीजवळच्या मोठ्या लोखंडी कड्यापर्यंत चहूबाजूंनी ताणलेलं दोरांचं जाळं, एखाद्या तंबूसारखं. आणि त्या तंबूवर खालपासून वरपर्यंत मुलंच मुलं.

"झोपाळ्यावर एक मूल बसतं आणि दहा रांगेत भांडतात," बाई म्हणाल्या. "यावर अख्खा वर्ग एका वेळी चढेल. स्नेहसंमेलनाच्या आधी होईल का, मेस्त्री?"

"खांब होईल, कडं होईल," वडील म्हणाले. "पण बाई, दोरीचं काम माझं नाही. मी लोखंड वाकवतो."

आई दारात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "दोरयेचा मी करतंय."

वडिलांनी वळून बघितलं.

"बघतास काय असे? करतंय म्हटलंय ना."

ते तसे का बघत होते हे बाईंना माहीत नव्हतं. आई देवबागची, सावळाराम तारींची मुलगी. गाबिताच्या, म्हणजे समुद्रावर मासेमारी करणाऱ्याच्या, घरात जन्मलेली, चालायला यायच्या आधी जाळ्यात लोळलेली. तिने मेस्त्र्याच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आजोबा एकच वाक्य बोलले होते: "लोखंडाकडे चललंस ना? मगे जाळ्याक परत हात लावू नको." ते लग्नाला आले नाहीत. माझ्या बारशाला आले नाहीत. म्हावरं, म्हणजे मासे, विकायला येणाऱ्या बायकांच्या हातून आजी सोलं पाठवायची, सुकट पाठवायची, माझ्यासाठी कधी परकर. आजोबांकडून काहीच यायचं नाही. आणि आईने, माझ्या उभ्या आयुष्यात तोवर, जाळ्याला हात लावलेला नव्हता.

बाई गेल्यावर वडिलांनी विचारलं, "नक्की गो, शेवंता?"

"तुमचे झोपाळे गावभर हत," आई म्हणाली. "माज्या हातचा काय हा? भाकरी. ती सगळे खातत आणि इसारतत. माज्या हातचा कायतरी खंयतरी उभा रवांदे."

दुसऱ्या दिवशी वडील बंदराजवळच्या दुकानातून दोराचं वेटोळं घेऊन आले. ट्रॉलरवाले वापरतात तसला, वडिलांच्या अंगठ्याएवढा जाड, हिरवा नायलॉनचा दोर. आई वेटोळ्यापुढे बसली, दोराचं टोक तिने नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याका समुद्राचो वास नाय."

"येतलो कसो? दुकानातलो तो," वडील म्हणाले.

"तेच म्हणतंय."

पण तिचे हात लगेच चालू लागले. एवढ्या जाड दोराला सुई चालत नाही, गाठ बोटांनीच ओढावी लागते. आई पायाच्या अंगठ्यात दोर अडकवायची, मागे रेलायची आणि गाठ आवळली की तोंडाने 'हं' असा बारीक आवाज करायची. दिवसभर वर्कशॉपात दोनच आवाज असायचे, वडिलांच्या वेल्डिंगचा आणि आईच्या 'हं'चा. तोडलेलं टोक ती मेणबत्तीवर धरायची, म्हणजे उसवत नाही. त्याचा जळका वास घरभर पसरायचा आणि आमच्या भातालाही लागायचा. वडील म्हणायचे, "आज काय, नायलॉनची आमटी?" आई म्हणायची, "कालची लोखंडाची होती, ती बरी गिळलास."

आईला जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं तिच्या शेवटच्या महिन्यांबद्दल विचारतात, आणि मी सांगते. सांगण्यासारखं थोडंच आहे. सलाइनच्या सुयांनी निळे पडलेले हात मी बघितले ते खरं. पण डोळे मिटले की मला ते दिसत नाहीत. मला पायाच्या अंगठ्यात हिरवा दोर अडकवून मागे रेललेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई दिसते, जिच्या कपाळावर घामाने केस चिकटलेत आणि जिला हाक मारली तरी ऐकू येत नाही.

जाळं पुरं झालं तेव्हा वडिलांनी सगळा सांगाडा वर्कशॉपच्या अंगणात उभा केला. खांब गाडला, जाळ्याचं तोंड वरच्या कडीत अडकवलं, खालची कड मोठ्या कड्याला बांधली आणि आवळायचे स्क्रू फिरवत फिरवत जाळं इतकं ताणलं की बोटाने टिचकी मारली तर दोर वाजायचा. लांबून ते खरंच त्या चित्रातल्यासारखं दिसत होतं. आई पदराला हात पुसत त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. ती हसत नव्हती, पण मला वाटतं, न हसण्यासाठी तिला कष्ट पडत होते.

वडिलांची पद्धत होती की मुलांसाठी काहीही केलं तरी शाळेत नेण्याआधी घरचं पोर त्यावर खेळलं पाहिजे. घरचं पोर मी एकटीच. त्या सकाळी प्रभुदेसाई बाईही बघायला आल्या होत्या. त्यांच्यासाठी खुर्ची काढली, आईने घावणे घातले होते ते ताटात झाकून ठेवले आणि वडील मला म्हणाले, "चढ बघूया, केतकी."

मी चढले. ते चढणं मला अजून आठवतं. शिडीवर एका पायरीनंतर दुसरीच पायरी असते. जाळ्यावर पाय कुठेही ठेवता येतो आणि जिथे ठेवू तिथून सगळं जाळं थोडं हलतं, जणू ते आपल्याला ओळखतं. मी जवळजवळ टोकापर्यंत गेले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग मला वाटलं, आता या तंबूच्या आत उतरावं. मी एका आसातून दोन्ही पाय आत घातले, वरचा दोर हातांनी धरला आणि खाली घसरले. पाय गेले, कंबर गेली, छाती थोडी घासून गेली. मी तशी काडीसारखीच होते. मग हनुवटी दोराला लागली आणि मी थांबले. मागून एक दोर मानेवर, पुढून एक हनुवटीखाली, खाली पाय हवेत, आणि हात वर.

"आये," मी म्हणाले. मोठ्याने म्हणता येत नव्हतं.

बाई खुर्चीवरून उठल्या तशी खुर्ची पडली. तो आवाज होईपर्यंत आई खालच्या कड्याखालून सरपटत तंबूच्या आत शिरली होती. दोन आसांत पाय रोवून ती वर आली आणि माझे तळवे तिने आपल्या खांद्यांवर घेतले. एकदम सगळं हलकं झालं.

"हात सोडू नको. माज्या खांद्यार उभी रव. हां, तशीच."

वडील दोर कापायला करवत घेऊन धावले.

"ती ठेवा आदी!" आई आतून ओरडली.

"अगो, दोन दोर कापलंय की—"

"मानेकडे पातां हाडू नको म्हणतंय ना! आणि जाळ्याक सुरी लागूची नाय. ठेवा ती!"

मग ती माझ्याशी बोलू लागली, अगदी रोजच्या आवाजात. "केतक्या, माशाक जाळ्यातसून कसो काडतत, सांगलंय ना तुका? फुडे वडूचो नाय. इलो तसो मागे धाडूचो. आता मी तुका वर उचलतंय. हनुवटी आकाशाकडे कर. कावळो दिसता काय बघ."

"नाय दिसणा."

"मगे बघीत रव."

तिने मला वर उचललं, हनुवटी सुटली, मान सुटली. बाहेरून वडिलांनी काखेत हात घालून मला ओढून घेतलं. मी रडले नाही. खाली आल्यावर घावण्यांचं ताट दिसलं, तेव्हा मी विचारलं, आता खाऊ का.

प्रभुदेसाई बाई बराच वेळ माझी मान बघत होत्या. मग त्या आईजवळ गेल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

"शेवंताताई, काम फार सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे अशी ऐंशी पोरं आहेत, आणि प्रत्येकाच्या खाली तुम्ही उभ्या राहणार नाही. मेस्त्री, खांब वाया नको जायला. त्याला साधी लोखंडी शिडी लावून द्या. जाळं नको."

"संमेलन पुढच्या रविवारी," वडील म्हणाले. "तोपर्यंत काही दुरुस्ती—"

"झाली तर मला आनंदच आहे. नाही तर शिडी." आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "पण तुम्ही तो दोर कापू का नाही दिलात हो? मी तर घाबरून गेले होते."

आईऐवजी वडिलांनीच उत्तर दिलं. तारींच्या घरात जाळ्याला कधी पातं लावत नाहीत. गुंता सोडवायचा, फाटलं तर सांधायचं, कापायचं नाही. जाळ्याने आजवर घर जेवू घातलं, त्याच्यावर सुरी चालवायची नाही. सासऱ्यांचा अंगठा एकदा भर समुद्रात जाळ्यात आवळला गेला, काळा पडला, भाऊ सुरी घेऊन पुढे आला तर त्याला त्यांनी लाथ मारली आणि दातांनी गाठ सोडवत बसले. त्या अंगठ्याला अजून नख नाही.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मानेचं वेगळं असतं."

त्या गेल्या. आई जाळ्यासमोर उकिडवी बसली. तिने आपले दोन पंजे शेजारी शेजारी धरले आणि ते माझ्या अडकलेल्या आसात घालून बघितले. मग दुसऱ्या आसात. मग तिसऱ्या.

"मोरीचा जाळा केलंय मी," ती म्हणाली. मोरी म्हणजे लहान शार्क. देवबागला तिच्यासाठी मोठ्या आसाची जाळी असत. "माका वाटला, पोरांसाठी मोठो आस व्हयो. आणि हातान मोठो म्हणान मोरीचोच घेतल्यान. पकडूचा जाळा केलंय, ओ. पोरां पकडूचा."

"आपण काय तरी करूया," वडील म्हणाले.

"ह्या माज्या बाबांक इचारूचा होता," आई म्हणाली.

वडिलांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि कुठे जातो ते न सांगता निघून गेले.

आई बराच वेळ तशीच बसून होती. मी घावणे खाल्ले. मग ती उठली, उरलेल्या दोराचा एक तुकडा घेतला आणि मी अडकले होते त्या आसाच्या मधून आडवा ओढून दोन्ही बाजूंना बांधून बघितला. एका आसाचे दोन झाले. तिने माझा पाय धरून त्यात घातला. गुडघ्यापर्यंत गेला, पुढे जाईना. तिने मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. मीसुद्धा वर बघितलं आणि मला कळलं. टोकापर्यंत आसच आस होते आणि आईचे हात दोनच होते. वडिलांना गाठी येत नव्हत्या. त्यांनी मारलेली गाठ सुटायची तरी किंवा कधीच सुटायची नाही.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा स्कूटर आली. ती पुरती थांबायच्या आधीच मागून एक म्हातारा माणूस उतरला, खरं म्हणजे पडता पडता उभा राहिला. गुडघ्यापर्यंतची खाकी पँट, बनियन, खांद्यावर टॉवेल, पायांत काही नाही. आणि उजव्या हातात एक मोठी सुरी.

"खंय हा?" तो ओरडला. "पोर खंय हा?"

मी पाइपच्या ढिगावर होते. "कोण पोर?"

"जाळ्यात गावला ता!"

"ता मीच," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जवळ आला. सुरीमुळे मला भीती वाटली असावी, कारण मी ताट पुढे धरल्याचं आठवतं. त्याने सुरी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताची बोटं माझ्या मानेवरून फिरवली, मागून, मग पुढून, हनुवटीखाली. बोटं खरखरीत होती आणि त्यांना समुद्राचा वास येत होता. अंगठ्याला नख नव्हतं.

मग तो वडिलांकडे वळला. "मेल्या, लटाकता म्हणालंस!"

"लटाकत होता," वडील म्हणाले. "सकाळी."

"अजून थंयच हा म्हणालंस! शेवंता कापूक देणा नाय म्हणालंस!"

"देवक नाय कापूक. ता खरा हा."

"आणि वाटेत मी तीनदा इचारलंय, जित्ता हा मां? तर काय म्हणता, 'बगूया.' बगूया! माजो जीव खंय गेलो ठावक हा?"

"ह्याशिवाय तुमी इले नसतास," वडील म्हणाले. एवढं बोलून ते स्कूटर स्टँडवर लावायला गेले आणि ती लावायला त्यांना फार वेळ लागला.

आई जाळ्याजवळ उभी होती. तिने आजोबांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

"बाबानू," ती म्हणाली, "सुरी घेवन इलात?"

"मगे? दातान कापतलंय?"

आई सुरीकडेच बघत राहिली. आजोबांनीही मग आपल्या हाताकडे बघितलं, जणू सुरी तिथे कुणी दुसऱ्यानेच ठेवली होती. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली, टॉवेल काखेत धरला, मग तिथेही बरं वाटेना म्हणून माझ्या शेजारी पाइपवर ठेवला. मी तेव्हा एवढंच समजले की दोन मोठी माणसं एका सुरीवरून गप्प झाली आहेत. आईला मात्र त्याच क्षणी सगळं कळलं होतं. स्वतःच्या अंगठ्यासाठी ज्याने जाळ्याला पातं लावू दिलं नाही, तो माणूस न बघितलेल्या नातीसाठी जाळं कापायला सुरी हातात धरून बसून आला होता, देवबागपासून इथपर्यंत, भर रस्त्याने.

"केतक्या," आई दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "आजोबांक पाणी दी."

तो शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

पाणी पिऊन आजोबा जाळ्याकडे गेले. आता त्यांना रागावायला जागा हवी होती. त्यांनी एक आस धरला, ओढला, बोटं लावून मोजला. शेजारचा मोजला. खालच्या ओळी झाल्यावर पाय वर ठेवून ते चढले आणि वरचे आस मोजू लागले. आई खाली उभी, दोन्ही हात पदरात. गाठी बघताना ते प्रत्येक गाठीवर अंगठा दाबायचे. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले.

"चुकला खंय ह्या?" ते म्हणाले.

"पोर अडाकला, बाबानू."

"अडाकतलाच. मोरीचा जाळा ता. येक आस कमी-जास्त नाय. येक गाठ ढिली नाय." ते वडिलांकडे वळले, मुलीशी सरळ बोलणं अजून जमत नव्हतं. "माशाचा डोक्या जाता, अंग रवता. पोराचा अंग जाता, डोक्या रवता. पण गावतत दोगय. असा जाळा केल्यान हिणा! सात वर्सां हात लावक नाय आणि असा—" ते थांबले. मग खरखरीत आवाजात म्हणाले, "इसारला नाय काय एक ता."

"इसारूक तुमी सांगलेलात," आई म्हणाली.

"मी सांगलंय म्हणान तू इसारतलंस? कदी आयकलंस माजा?"

वडील खोकले. आई हसली की रडली ते मला सांगता येणार नाही; तिने पदर तोंडावर धरला होता.

मग आजोबांना तो आडवा बांधलेला तुकडा दिसला. त्यांनी तो ओढून बघितला, माझ्याकडे बघितलं, मी होऊन पाय घालून दाखवला. "गुडघ्यापर्यंतच जाता," मी म्हणाले.

"कोणी सांगल्यान ह्या?"

"माजा मीच," आई म्हणाली. "कापूचा नव्हता माका. पण सगळे आस भरूक हात नाय."

आजोबांनी बनियन वर करून पोटाचा घाम पुसला. "दोर खंय हा?" ते म्हणाले. "आणि हो दोर कसलो हाडलास रे, मेस्त्र्या? ह्याका वास पण नाय."

ते त्या दिवशी घरी गेले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाही. सुरी एका कोनाड्यात पडून राहिली, कारण दोराचे तुकडे जाळ्यावर न्यायच्या आधीच तोडायचे आणि त्यासाठीही ते वडिलांची करवत मागायचे. आई खालून वर जायची, आजोबा वरून खाली यायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. व्हायचं ते गाठींबद्दल. "वड." "वडलंय." "आजून." कधी आईचं 'हं' ऐकू यायचं, आणि मग वरून तसंच, पण जाड आवाजात. मला तोपर्यंत वाटायचं की तो आवाज आईचाच आहे, तिने शोधलेला. आजी तिसऱ्या दिवशी बसने आली, शिंपल्यांच्या कालवणाचं भांडं मांडीवर धरून. तिने जाळं बघितलं, नवरा बघितला, मुलगी बघितली आणि म्हणाली, "आदी जेवा."

आज वर्कशॉप मी चालवते. आता आमच्या दोराच्या आत पोलादी तारा असतात, सांधे दाबून बसवलेले असतात, गाठ कुणी मारत नाही. मापासाठी दोन लाकडी साचे आहेत, एक मुलाच्या अंगाच्या आकाराचा, एक डोक्याच्या. ज्या भोकातून पहिला जातो त्यातून दुसराही गेलाच पाहिजे. नाही तर दोन्ही अडले पाहिजेत. नवीन माणसांना मी हे शिकवते तेव्हा ते मान डोलावतात. कुठून आलं ते विचारत नाहीत, आणि मीही सांगत नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी जाळं शाळेच्या मैदानात उभं राहिलं. प्रभुदेसाई बाईंनी आधी बालवाडीतली सगळ्यांत बारकी पोरं बोलावली, एकेकाला उचलून पाय आसांत घालायला लावले, मग स्वतःचा हात कोपरापर्यंत घालून बघितला. मग त्या जाळ्याभोवती एक फेरी मारून आल्या, आई पूर्वी आली होती तशीच, आणि आईसमोर थांबल्या.

"शिडी नको," त्या म्हणाल्या. आईने नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी भाषणं चालू असतानाच पोरं मांडवातून सटकून जाळ्यावर गेली. एक वर्ग गेला, मग दुसरा. टोकावर कोण बसणार यावरून मारामारी झाली. हिरवं जाळं दिसेनासं झालं, नुसती निळी-पांढरी पोरं दिसत होती. आई, आजोबा आणि मी लांब कट्ट्यावर बसलो होतो. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्यांना टोचत होता. कुठल्याही पोराचा पाय आसात गेला की ते अर्धवट उठायचे. पाय बाहेर आला की बसायचे. बराच वेळ असं चाललं. शेवटी त्यांना उठणं सोडावं लागलं, कारण पाय जात होते आणि येत होते, शेकड्यांनी, आणि काही होत नव्हतं.

"शेवंता," ते म्हणाले. सात वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"काय, बाबानू?"

"येवडा म्हावरा वर चढता हा," ते जाळ्याकडे बघत म्हणाले, "आणि येक गावणा नाय. जल्मात पयल्यांदा रिकामा जाळा बघून बरा वाटला माका."

आई हसू लागली. ती इतकी हसली की मांडवातली माणसं मागे वळून बघायला लागली.